६३ च्या जागी ५: सिस्टिम कॉलने डिस्क कोटा लावताना

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर चारशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या आणि तीसेक शिक्षकांच्या होम डिरेक्टरी, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर. लॅब सांभाळणाऱ्या सहायकांनी कोटा-सीटीएल हा सिस्टिम कॉल (म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, थेट काम सांगायची वाट) वापरून प्रत्येकाच्या जागेवर मर्यादा, म्हणजे कोटा, लावणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला: विद्यार्थ्याला २ जीबी, शिक्षकाला ५ जीबी. पहिल्यांदा 'ब्लॉक डिव्हाइस रिक्वायर्ड' असा एरर आला, तो कसाबसा सुटला. मग विद्यार्थ्यांचं काम बिनबोभाट झालं, पण शिक्षकांच्या प्रत्येक खात्याला एरर. रेपकोटा, म्हणजे प्रत्येकाच्या वापराचा आणि लिमिटचा तक्ता, काढला तर सगळ्या विद्यार्थ्यांचा वापर शून्य. आठवडाभरात दोन पोरांनी मिळून डिस्क भरून टाकली. त्यात सोमवारी वीज गेली, सर्व्हर पुन्हा उठला, आणि तेव्हापासून प्रोग्राम सरसकट 'नो सच प्रोसेस' म्हणतोय. कर्नल बिघडलाय का, सगळं पुन्हा इन्स्टॉल करू का, असं त्यांनी विचारलंय.

इन्स्टॉल काहीही करू नका. कर्नल ठणठणीत आहे. तुम्ही सांगितलंत ते त्याने अक्षरशः केलं, एवढंच झालंय.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने महापेच्या ऑफिसात जाणारी, वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळणारी बाई. तुमच्या प्रोग्राममधल्या चारपैकी तीन चुका मी स्वतः केलेल्या आहेत. चौथी केली नाही, पण तिच्याहून मोठी एक केली, ती पुढे सांगते.

घरच्या विजेच्या मीटरचं उदाहरण घ्या. मंजूर भार किती किलोवॅट हे अर्ज करून बदलता येतं. मीटरवरचं रीडिंग मात्र मीटरने मोजायचं असतं, त्याला कुणी हात लावला तर पुढची सगळी बिलं खोटी. कोट्याचंही तसंच आहे. कर्नल प्रत्येक यूझरमागे एक नोंद ठेवतो. तिच्यात काही आकडे तुमचे असतात: जागेची सॉफ्ट आणि हार्ड लिमिट, फाइलींच्या संख्येची सॉफ्ट आणि हार्ड लिमिट (सॉफ्ट थोडे दिवस ओलांडता येते, हार्ड नाही). काही आकडे कर्नलचे असतात: आत्ता किती जागा वापरात आहे, किती आयनोड (फाइलमागे एक अशा नोंदी) वापरात आहेत, आणि सॉफ्ट लिमिट ओलांडली असेल तर सवलतीची मुदत कधी संपते. हे सगळे आकडे एकाच स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे सी भाषेतल्या एका गठ्ठ्यात, एकाच कॉलने ये-जा करतात, आणि घोळ तिथेच होतो.

स्ट्रक्चरच्या शेवटी डीक्यूबी_व्हॅलिड नावाचं एक फील्ड आहे. यातले कोणते आकडे खरे धरायचे, हे त्यातून कर्नलला कळतं. जागेच्या लिमिटसाठी १, जागेच्या वापरासाठी २, आयनोडच्या लिमिटसाठी ४, आयनोडच्या वापरासाठी ८, मुदतींसाठी १६ आणि ३२. सगळ्यांची बेरीज ६३, तिचं नाव क्यूआयएफ_ऑल. तुमच्या प्रोग्राममध्ये आधी मेमसेटने स्ट्रक्चर शून्य केलंय, मग हार्ड लिमिट भरलीय, आणि व्हॅलिडमध्ये क्यूआयएफ_ऑल टाकलंय. म्हणजे कर्नलला तुम्ही सांगितलंत की लिमिट ही घे, आणि वापर शून्य आहे असंही लिहून घे. त्याने लिहून घेतलं. 'ऑल' म्हणजे सगळं नीट होईल असं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं. तुम्हाला हवी आहे १ आणि ४ ची बेरीज, ५, म्हणजे क्यूआयएफ_लिमिट्स. आयनोडला बंधन घालायचं नसेल तर नुसता १.

एकदा वापर खोटा शून्य झाला की तो आपोआप सुधारत नाही. कर्नल दर वेळी डिस्क मोजत बसत नाही. फाइल वाढली की आकड्यात भर, उडवली की वजाबाकी, इतकंच करतो. समजा एका मुलाच्या १.८ जीबी फाइली आधीपासून आहेत आणि नोंदीत शून्य लागलंय. त्याने त्यातली जुनी ३०० एमबीची फाइल उडवली तर आकडा उणे होत नाही, शून्यावरच थांबतो. मग त्याने ५०० एमबीचं काही उतरवलं की नोंदीत ५०० दिसतात, डिस्कवर मात्र २ जीबी. हा फरक पुन्हा पूर्ण मोजणी होईपर्यंत तसाच राहतो.

आता शिक्षकांचं कोडं. तुमच्या सगळ्या लक्षणांत मला हे सर्वांत आवडलं, कारण उत्तर त्यातच लपलंय. या स्ट्रक्चरमध्ये वापर बाइटमध्ये असतो आणि लिमिट १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये. एकाच स्ट्रक्चरमध्ये, शेजारी शेजारी. असं का केलं असेल ते असो, पण आहे हे असं आहे. फाइलसिस्टिमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा असला तरी इथे हिशोब १०२४ चाच. तुम्ही २ जीबी म्हणून २१४७४८३६४८ भरलेत, कर्नलने तेवढे किलोबाइट धरले. म्हणजे २ टीबी. विद्यार्थ्यांना एरर आला नाही, कारण २ टीबी ही त्याच्या दृष्टीने वैध लिमिट आहे. शिक्षकांचे ५ जीबी झाले ५ टीबी. तुमचा कोटा व्हीएफएस-व्ही० या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, आणि त्यात जागेची लिमिट ४ टीबीच्या पलीकडे मावतच नाही. म्हणून ई-रेंज, म्हणजे 'आकडा मर्यादेबाहेर' हा एरर. ज्यांना एरर आला त्या शिक्षकांचं काही बिघडलं नाही, ज्यांचं 'झालं' त्यांचाच विचका झाला.

२ जीबीसाठी बरोबर आकडा २०९७१५२. रेपकोटात लिमिटच्या रकान्यात सात आकडी संख्या दिसायला हवी होती, तुम्हाला दहा आकडी दिसत होती. सगळ्यांचं लक्ष वापराच्या शून्याकडे गेलं, त्यामुळे शेजारचा रकाना कुणी पाहिला नाही. साहजिक आहे.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर जाल तेव्हा आणखी एक गंमत आहे. तिथे वेगळे उपआदेश, वेगळं स्ट्रक्चर, आणि लिमिट ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये. ईएक्सटी४ वरचा प्रोग्राम उचलून तिथे नेला आणि फक्त नावं बदलली, तर प्रत्येकाला ठरल्याच्या निम्मी जागा मिळेल. शिवाय एक्सएफएसमध्ये यूझर क्रमांक ० ची लिमिट ही ज्यांना स्वतःची लिमिट नाही अशा सगळ्यांची डिफॉल्ट होते. तुमच्या प्रोग्राममध्ये क्रमांक वाचायला एटॉय हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन वापरलंय. एक्सेलच्या यादीतला एखादा रकाना रिकामा राहिला तर एटॉय निमूटपणे शून्य देतो. ईएक्सटी४ वर ती लिमिट रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, लागते, आणि रूट कोट्याला जुमानत नाही म्हणून निभावतं. एक्सएफएसवर अख्ख्या लॅबची डिफॉल्ट बदलून बसाल. तेव्हा शून्य आणि रिकामे रकाने आधीच गाळा.

सोमवारच्या 'नो सच प्रोसेस'ला प्रोसेसशी काही देणंघेणं नाही. ई-सर्च या एररचा तो सर्वसाधारण मजकूर आहे. कोटा-सीटीएलच्या बाबतीत त्याचा अर्थ, या फाइलसिस्टिमवर कोटा चालू नाही. वीज गेली तेव्हा सर्व्हर धाडकन बंद झाला. उठला तेव्हा एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कशी माउंट करायची, म्हणजे जोडायची, हे सांगणाऱ्या फाइलीत) यूझर कोट्याचा पर्याय नव्हता, कारण पहिल्या दिवशी तुम्ही तो हाताने रीमाउंट करून दिला होता, आणि कोटा चालू करणारी कोटाऑन ही कमांडही हातानेच चालवली होती. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण दुसरं कारण मला दिसत नाही. एफएसटॅबची ओळ एकदा वाचून बघा. प्रोग्राममध्ये एरर छापताना नुसता सिस्टिमचा मजकूर छापू नका. ई-सर्च आला तर 'कोटा चालू नाही', ई-रेंज आला तर 'लिमिट फॉरमॅटमध्ये मावत नाही, एकक तपासा', ई-पर्म आला तर 'अधिकार नाही' असं आपल्या शब्दांत छापा. तुमच्यानंतर लॅब सांभाळायला जो येईल त्याचे दोन दिवस वाचतील.

पहिला एरर, 'ब्लॉक डिव्हाइस रिक्वायर्ड', तुम्ही होम डिरेक्टरीचा मार्ग दिलात म्हणून आला होता. लिनक्सच्या कोटा-सीटीएलला माउंट केलेलं डिव्हाइस लागतं. फ्रीबीएसडीमध्ये त्याच नावाच्या कॉलला फाइलसिस्टिममधला मार्ग चालतो आणि आर्ग्युमेंटचा क्रमही वेगळा आहे, त्यामुळे कुठून तरी उचललेला नमुना फसवतो. मुळात हे सगळं बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्सकडूनच आलं. मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेलं कोट्याचं काम १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये होतं. एका यंत्रावर बरेच विद्यार्थी आणि डिस्क इवलीशी, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. लिनक्सला ५.१४ पासून कोटा-सीटीएल-एफडी हा धाकटा भाऊ मिळालाय. त्याला डिव्हाइसच्या नावाऐवजी माउंटवरचा उघडलेला फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) द्यायचा. डिव्हाइस नसलेल्या फाइलसिस्टिमसाठी तो कामाचा. तुम्हाला आत्ता गरज नाही. पण डिव्हाइसचं नाव प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नका. उद्या डिस्क बदलली की नाव बदलेल. प्रॉक-सेल्फ-माउंट्स ही माउंट झालेल्या डिस्कांची यादी वाचून होम कुठल्या डिव्हाइसवर आहे ते शोधा, मगच कॉल करा.

आता माझी ती मोठी चूक.

दहा-बारा वर्षांपूर्वी महापेच्या एका डिझाइन ऑफिसात मी असाच प्रोग्राम लिहिला होता. लिमिट, एकक, व्हॅलिड, सगळं चोख. रोज रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालायचा, एक्सेलवरून निघालेली यादी वाचायचा आणि प्रत्येकाची लिमिट पुन्हा लावायचा. कल्पना अशी की यादी बदलली की दुसऱ्या दिवशी आपोआप लागू. सॉफ्ट लिमिट १० जीबी, हार्ड १५, मुदत सात दिवसांची, म्हणजे लिनक्सची नेहमीची. सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की १० च्या वर गेलात तर आठवड्यात आवरा, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही. सहा महिन्यांनी एका ड्राफ्ट्समनने हसत हसत विचारलं, मॅडम, माझा आठवडा कधी संपायचा? तो पहिल्या महिन्यापासून १३ जीबीवर होता. रोज रेपकोटात त्याच्या नावापुढे अधिकचं चिन्ह यायचं, आणि मुदतीच्या रकान्यात रोज सकाळी जवळजवळ पूर्ण सात दिवस. मी तो रकाना रोज बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं.

झालं होतं असं. कोणी जागेची लिमिट लावली आणि तेव्हा वापर सॉफ्ट लिमिटच्या वर असेल, तर मुदत वेगळी दिलेली नसल्यास कर्नल ती त्या क्षणापासून नव्याने मोजायला लागतो. लिमिट बदलली की तीच पुन्हा लिहिली, याची तो चौकशी करत नाही. माझा क्रॉन दर रात्री प्रत्येकाला पुढचे सात दिवस बहाल करत होता. सॉफ्ट लिमिट कागदावरच राहिली, खरी होती ती फक्त हार्ड.

उपाय सोपा आहे. सेट करण्याआधी क्यू_गेटकोटाने सध्याची नोंद वाचा, चारही लिमिट जुळवून बघा, आणि फरक असेल तरच क्यू_सेटकोटा करा. तुमचा प्रोग्राम ॲडमिशन पोर्टलला जोडायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो वारंवार चालणार. ही तुलना आजच घाला.

पोर्टलला जोडायचं असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. क्यू_सेटकोटाला रूटचा, नेमकं सांगायचं तर कर्नलचा सिस-ॲडमिन नावाचा अधिकार लागतो. म्हणून अख्खं पोर्टल रूटने चालवू नका. हा छोटा प्रोग्राम वेगळा ठेवा, त्याला फक्त यूझर क्रमांक आणि 'विद्यार्थी' किंवा 'शिक्षक' एवढंच कळू द्या, आकडे त्याच्या आतच असू द्या, आणि पोर्टलला सुडोमधून (ठरावीक कमांड रूटच्या अधिकाराने चालवू देणारी सोय) नेमका तोच चालवायची मुभा द्या. स्वतःचा कोटा वाचायला कुणालाच खास अधिकार लागत नाही, त्यामुळे मुलांना पोर्टलवर 'तुमची इतकी जागा उरली' हे दाखवणं सोपं आहे.

पोर्टलवरून मुलांच्या असाइनमेंट अपलोड होणार असतील तर आणखी एक चोरवाट आहे. कोटा फाइलच्या मालकाच्या खात्यावर चढतो, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये पडली याला महत्त्व नाही. वेब सर्व्हरने लिहिलेली फाइल वेब सर्व्हरच्या नावावर. नंतर रूटने तिची मालकी मुलाच्या नावे केली की वापर त्याच्याकडे वर्ग होतो, पण रूटच्या हातून होत असल्यामुळे हार्ड लिमिट आड येत नाही. सकाळी मुलगा लॉगिन करतो तेव्हा लिमिटच्या वर बसलेला असतो, आणि त्याने स्वतः काहीच केलेलं नसतं. याच कारणाने रूट म्हणून लॉगिन करून कोट्याची चाचणी घेण्यात अर्थ नाही. कोटा लागला की नाही ते साध्या खात्यातून, डीडी या कमांडने मोठी फाइल लिहून बघा. 'डिस्क कोटा एक्सीडेड' आलं म्हणजे लागला. लिनक्सवर हा एरर क्रमांक १२२. डिस्कच भरली तर येतो तो २८, 'नो स्पेस लेफ्ट'. दोन्हींत गल्लत करू नका, मुलं तर नक्की करतील.

फाइलींच्या संख्येची लिमिटही ठेवा, पण सढळ हाताने. वेब प्रोजेक्ट करणारी मुलं एका नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये हजारोंनी बारक्या फाइली आणतात. जागा अर्धी रिकामी असते आणि तरी 'कोटा एक्सीडेड' येतो. मग मुलगा तुमच्या टेबलापाशी येऊन मोबाइलवरचा फोटो दाखवतो: बघा सर, १ जीबी शिल्लक आहे. दोघंही बरोबर असता.

आता हे सगळं निस्तरायचं कसं. चारशे खात्यांना वर्षातून एकदा लिमिट लावायची असती तर मी म्हटलं असतं, सिस्टिम कॉल कशाला, सेटकोटा ही कमांड आहे, बी पर्याय दिला की यादी एका दमात वाचते. पोर्टलला लगेच उत्तर हवं असेल तर तुमचा प्रोग्राम योग्यच. दोन्ही एकाच दाराने जातात.

रविवारी सकाळी, लॅब रिकामी असताना बसा. आधी बॅकअप. मग एक निर्णय घ्या: जुन्या कोटा-फाइलींवरच राहायचं, की ईएक्सटी४ च्या अंगभूत कोट्यावर जायचं. माझं मत दुसऱ्या बाजूने. होम अनमाउंट करून ट्यून-टू-एफएस या कमांडने कोटा हे वैशिष्ट्य चालू केलं की मोजणी फाइलसिस्टिमच्या पोटात जाते, माउंट होताच चालू होते, ४ टीबीची अडचण उरत नाही, आणि वीज गेल्यावर आकड्यांत चूक निघाली तर डिस्क तपासणारं एफएससीकेच ती दुरुस्त करतं. लिमिट खरोखर लागू व्हायला एफएसटॅबमध्ये यूझर कोट्याचा पर्याय मात्र हवाच. आत्ताच्या पद्धतीवर राहिलात तर कोटा बंद करून, होमवर कुणी लिहीत नसताना कोटाचेक ही पूर्ण मोजणी करणारी कमांड चालवा. चालू डिस्कवर मोजणी केली तर मोजता मोजता आकडे हलतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि इथून पुढे अशी अचानक वीज गेली की जर्नल कोटा (फाइलसिस्टिमच्या जर्नलमध्ये कोट्याचीही नोंद ठेवणारा प्रकार) नसल्यास ही मोजणी दर वेळी करावी लागेल, यूपीएस आहे की नाही त्यावर तुमचे रविवार अवलंबून आहेत.

मोजणी झाल्यावर रेपकोटा काढा आणि दोन-चार खात्यांचा आकडा डीयू या फोल्डरची जागा मोजणाऱ्या कमांडशी ताडून बघा. थोडाफार फरक चालेल. डीयू मुलाच्या फोल्डरमध्ये बघतं, कोटा अख्ख्या फाइलसिस्टिमवर त्याच्या मालकीचं सगळं मोजतो, उडवलेल्या पण कुठल्या तरी प्रोग्रामने अजून उघडी धरलेल्या फाइलींसकट. मगच सुधारलेला प्रोग्राम चालवा, आधी स्वतःच्या एका चाचणी खात्यावर, मग एका वर्गावर, मग सगळ्यांवर.

राहिली ती दोन मुलं. २ जीबीची खरी लिमिट लागली की ती तिच्या कितीतरी वर असतील. कर्नल त्यांची एकही फाइल उडवणार नाही, फक्त नवं काही लिहू देणार नाही. अडचण अशी की ग्राफिकल लॉगिन होताना होम डिरेक्टरीत बारक्या फाइली लिहाव्या लागतात. त्या लिहिता आल्या नाहीत की पासवर्ड बरोबर टाकूनही स्क्रीन क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवरच येतो. मुलगा चार वेळा पासवर्ड बदलून मागेल. त्याला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर बसवा, मोठ्या फाइली कोणत्या ते डीयूने दाखवा आणि त्याच्याच हाताने उडवायला लावा.